गुंतलेले खेळाडू आणि मोकाट सुटलेले लेखक

मराठी लेखकांना अलीकडे एक नवा ताईत सापडला आहे. त्याचे नाव 'क्वांटम'. कवितेत दोन प्रेमिक दुरावले, की त्यांचे नाते 'क्वांटम' ठरते. कथेत कोकणातल्या आईच्या काळजात चर्र होते, त्याच घटकेला मुंबईत मुलाला अपघात होतो, आणि लेखक गंभीर चेहऱ्याने सांगतो की हे कणांचे गुंतणे आहे, पाश्चात्त्यांनी आता ते मान्य केले आहे. समीक्षकाला एखाद्या कादंबरीचा पत्ता लागला नाही, की 'खुद्द गणितानेच आता अगणनीयतेपुढे हात टेकले आहेत' असे एक वाक्य टाकून तो मोकळा होतो. बाजारात याच नावाची लॉकेटे मिळतात आणि ध्यानवर्गही भरतात. पण त्या मंडळींशी माझे भांडण नाही. लॉकेट विकणाऱ्याला आपण काय विकतो हे निदान ठाऊक असते. माझे भांडण माझ्या ज्ञातीशी, म्हणजे लिहिणाऱ्यांशी आहे.

तुम्हाला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असा प्रश्न येईल, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. (दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात.) त्यावर चित्रकला-शिक्षकाची पदविका. भाईंदरच्या एका मराठी शाळेत मी मुलांना कोन दुभागायला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पुंजयामिकीचा मी पंडित नव्हे. (पुंजयामिकी हा आपल्या विश्वकोशातला शब्द, क्वांटम म्हणतात ते हेच.) माझा अधिकार एवढाच की ज्या गोष्टीच्या नावाने हा सारा धूर चालला आहे तिचा हिशेब मी कागदावर करून पाहिला. तो हिशेब लहान आहे. ज्यांनी तो करण्याची तसदी घेतली नाही त्यांनी तिची रूपके वापरू नयेत, असे माझे म्हणणे आहे.

ती गोष्ट म्हणजे एक खेळ आहे. दोन खेळाडू आणि एक पंच. खेळ सुरू होण्यापूर्वी खेळाडूंनी हवी तेवढी खलबते करावीत. मग एकाला भाईंदर स्थानकात उभे करावे, दुसऱ्याला चर्चगेटला. पंचाचा एक माणूस इथे, एक तिथे. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या खेळाडूला एक चिठ्ठी दाखवायची, लाल किंवा पिवळी. कोणती ते नाणे उडवून ठरवायचे. चिठ्ठी दिसताच खेळाडूने एक हात वर करायचा, डावा किंवा उजवा. नियम असा: दोघांनाही लाल चिठ्ठी आली तर हात वेगवेगळे हवेत, बाकीच्या तिन्ही प्रसंगी हात सारखे हवेत. दोन स्थानकांत सुमारे चाळीस किलोमीटर अंतर आहे. प्रकाशालाही ते तोडायला सेकंदाचा साडेसात हजारावा भाग लागतो. तेवढ्या अवधीच्या आत उत्तर मागितले, की फोन, शिट्टी, डोळ्यांची खूण, सारे मार्ग बंद. माणसाचा हात एवढ्या त्वरेने हलत नाही, म्हणून प्रयोगशाळेत यंत्रे खेळतात. आपण आपले खेळाडू प्रामाणिक आहेत असे धरून चालू.

या खेळाचे 'मूल्य' काय? मूल्य म्हणताच आमच्या समीक्षकांचे कान टवकारतील. त्यांनी स्वस्थ बसावे. इथे जीवनमूल्यांचा किंवा सौंदर्यमूल्यांचा काही संबंध नाही. उत्तमात उत्तम डाव लढवला असता शंभर फेऱ्यांत सरासरीने किती जिंकता येतील, तो आकडा म्हणजे खेळाचे मूल्य.

मी हा खेळ आठवीच्या वर्गात खेळवला. चित्रकलेच्या तासाला असले उद्योग करता येतात, कारण त्या तासाकडे कुणाचे लक्ष नसते. मुलांनी प्रथम ठरवले की चिठ्ठी कोणतीही येवो, दोघांनी उजवाच हात वर करायचा. चार प्रसंगांतले तीन जिंकले, लाल-लालला हरले. मग वर्ग पेटला. लालला डावा, पिवळीला उजवा. एकाने असे करायचे, दुसऱ्याने उलटे. प्रत्येक खेळाडूपुढे योजना चारच असतात, म्हणून दोघांच्या मिळून सोळा. सोळाही फळ्यावर मांडून झाल्या. चारांत तीनच्या वर एकही गेली नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, सोळा कशाला मांडल्या? भाईंदरच्या पिवळीचा हात चर्चगेटच्या पिवळीसारखा पाहिजे. चर्चगेटच्या पिवळीचा भाईंदरच्या लालसारखा पाहिजे. भाईंदरच्या पिवळीचा चर्चगेटच्या लालसारखा पाहिजे. मग दोन्ही लाल सारखेच झाले की! आणि तुम्ही तर म्हणता ते वेगळे पाहिजेत."

झाले. सिद्धता संपली. बेलफास्टचा जॉन बेल याने १९६४ साली जगापुढे मांडलेल्या गोष्टीचा गाभा हाच आहे. मी सांगितलेल्या खेळाचे मूळ क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट या चौघांच्या १९६९ मधील निबंधात आहे. नाणी उडवून योजना फिरवत राहिले तरी सरासरी वाढत नाही. ज्या टोपलीत पाव किलोपेक्षा जड आंबाच नाही, तिच्यातून डोळे मिटून उचलला म्हणून तो जड होत नाही. साध्या खेळाडूंसाठी या खेळाचे मूल्य शंभरांत पंचाहत्तर, आणि त्यात कोणतीही चलाखी चालत नाही.

आता खेळाडूंच्या खिशात गुंतलेले कण देऊ. प्रकाशाच्या कणाला कंपनाची एक दिशा असते. ठरावीक कोनात धरलेल्या गाळणीतून तो एक तर पार होतो, नाही तर अडतो. (उन्हाच्या काही चष्म्यांच्या काचांत हीच युक्ती असते.) अशा कणांच्या जोड्या निर्माण करता येतात की दोन्ही ठिकाणी गाळण्या एकाच कोनात धरल्या तर दोन्ही कण पार होतील किंवा दोन्ही अडतील. कण पार झाला तर उजवा हात, अडला तर डावा. भाईंदरच्या खेळाडूने पिवळ्या चिठ्ठीला गाळणी शून्य अंशावर धरावी आणि लालला पंचेचाळीसवर. चर्चगेटच्याने पिवळीला साडेबावीस अंशांवर धरावी आणि लालला तेवढीच उलट बाजूला. वाचकांपैकी ज्याच्या घरी कंपासपेटी असेल त्याने ती उघडावी. पंचेचाळीसचा गुण्या घेऊन कोन काढावा, कंपासने दुभागावा, आणि पाहावे: तीन प्रसंगी दोन गाळण्यांतले अंतर नेमके साडेबावीस अंश येते आणि लाल-लालला साडेसदुसष्ट. साडेबावीस अंशांच्या अंतरावर उत्तरे सारखी येण्याची शक्यता शंभरांत ८५.३६ असते, साडेसदुसष्टवर ती वेगळी येण्याची शक्यताही तेवढीच असते. म्हणजे चारही प्रसंगी शंभरांत ८५.३६. आठवीच्या मुलीने जी भिंत सिद्ध केली ती ओलांडली गेली, आणि ओलांडण्यासाठी गुण्या आणि कंपास पुरले! चित्रकलेच्या मास्तराला याहून मोठा सन्मान कोणता?

हे कागदावरचे. प्रत्यक्षात काय? नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ साली हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरून, सुमारे १.३ किलोमीटर अंतर ठेवून, हाच खेळ कोणतीही पळवाट न ठेवता खेळला गेला. अठरा दिवसांत मिळून २२० तास यंत्रे चालली, तेवढ्यात फेऱ्या झाल्या फक्त २४५, जिंकल्या १९६. म्हणजे शंभरांत ऐंशी. त्यानंतर इतरत्र हा प्रयोग याहून कितीतरी अधिक फेऱ्यांनी झाला. अशा प्रयोगांचा पाया घालणाऱ्या क्लॉसर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले.

आता माझ्या कथालेखक मित्रांनी जरा इकडे लक्ष द्यावे. भाईंदरच्या खेळाडूचा हात एकट्याने पाहिला तर काय दिसते? डावा, उजवा, उजवा, डावा, निव्वळ नाणेफेक. चर्चगेटला कोणती चिठ्ठी निघाली, तिथल्या खेळाडूने गाळणी कशी धरली, तो जिवंत आहे की मेला, यातले काहीही त्या हातावरून कळत नाही. आणि हे कळत नाही हेसुद्धा त्या गणितानेच सिद्ध होते. कोकणातल्या त्या आईच्या पदराला खरोखरच गुंतलेले कण बांधले असते, तरी तिच्या हाती 'डावा-उजवा' असा निरर्थक पसारा आला असता. मुलाकडची यादी तिच्या यादीशेजारी ठेवून ताडून पाहीपर्यंत त्यात काही मेळ आहे हे ब्रह्मदेवालाही दिसले नसते. आणि ती यादी पोस्टानेच यायला हवी! तेव्हा आईच्या काळजाचे जे काय असेल ते असो. मी ते नाकारीत नाही, मलाही आई आहे. पण त्याची साक्ष द्यायला या कणांना बोलावू नका.

'सारे विश्व एकमेकांत गुंतलेले आहे' हे दुसरे आवडते वाक्य. ऐकायला गोड, हिशेबाला खोटे. एक कण दुसऱ्याशी पूर्णपणे गुंतला, की तिसऱ्याशी त्याला मुळीच गुंतता येत नाही. थोडे तिथले सोडावे तेव्हा थोडे इथे जोडता येते. आणि 'क्वांटमच्या जगात काहीही शक्य आहे' हे तर त्याहून बाष्कळ. बोरिस त्सिरेलसन या रशियन गणितज्ञाने १९८० साली दाखवून दिले की या खेळात कितीही कण, कसेही गुंतवले तरी ८५.३६ च्या पलीकडे पाऊल पडत नाही. शंभर नाही, नव्वद नाही, शहाऐंशीसुद्धा नाही. ज्या जगात 'काहीही' शक्य असते त्या जगाला असे छत नसते.

रूपक घेऊ नका असे मी म्हणत नाही. रूपकावाचून आपला धंदा कसा चालावा? पण घ्यायचे तर खरे घ्या. दोन माणसे आहेत. प्रत्येकाचे आयुष्य स्वतंत्रपणे पाहिले तर निव्वळ लहर, कशाचा कशाला मेळ नाही. दोघेही मेल्यावर कोणी तरी त्यांच्या रोजनिशा शेजारी शेजारी ठेवतो, पान पानाशी लावतो, आणि तेव्हा दिसते की ठरवून, सांगून, पत्रे लिहूनही साधला नसता एवढा मेळ त्या दोन लहरींत होता. आणि हयात असताना दोघांपैकी एकालाही त्याची गंधवार्ता नव्हती. ही कादंबरी कोणी लिहिली तर मी पदरचे पैसे देऊन घेईन. आज लिहिली जाते ती टेलिपथीची जुनीच गोष्ट. तिला फक्त नवे लेबल डकवलेले असते.

आमच्या ऋषींना हे सारे ठाऊक होते, असे म्हणणारांविषयी मी चारच ओळी खर्च करणार आहे. उपनिषदे मोठी आहेत; त्यांत ८५.३६ नाही. आकडा नसलेल्या विधानाला नंतर कोणताही आकडा चिकटवता येतो, आणि म्हणूनच कोणताही आकडा त्याला खोटे पाडू शकत नाही. आपल्याकडे याहून चांगल्या प्रथा आहेत. केरूनाना छत्र्यांनी १८६० साली ग्रहांवर मराठी पुस्तक काढले ते 'ग्रहसाधनाची कोष्टके'. स्तोत्रे रचण्याऐवजी त्यांनी कोष्टके दिली. जयंत नारळीकरांनी २००८ साली सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात ज्योतिष्यांची परीक्षा घेतली तीही एक खेळच होता: कुंडल्या हातात द्यायच्या आणि हुशार मुलाची कोणती, मतिमंद मुलाची कोणती ते ओळखायला सांगायचे. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे धाडली. नाणे उडवून जे साधते त्यापेक्षा अधिक काही त्यांना साधले नाही. पंच बसवला, फेऱ्या मोजल्या, आकडा जाहीर केला. मराठीत विज्ञान असे करतात.

आता समीक्षकांकडे वळू. कारण अगणनीयतेचा त्यांचा आधार वरवर पाहता अधिक भक्कम आहे. तिथे खरोखरच काही तरी घडले आहे, आणि ते काय घडले हे मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

चिठ्ठ्यांचे रंग दोनाऐवजी हजार करा, हातांऐवजी हजार खुणा ठेवा, नियम वाटेल तसा वाकडा करा. साध्या खेळाडूंच्या योजना तरीही मोजक्याच राहतात. संख्या अवाढव्य होईल, मोजणारे यंत्र झिजून जाईल, पण मोजणीला शेवट आहे. गुंतलेल्या खेळाडूंचे तसे नाही. त्यांनी किती कण बाळगावे याला मर्यादा नाही. एका जोडीने जे साधते त्याहून दहा जोड्यांनी अधिक साधेल, लाख जोड्यांनी त्याहून. खालून वर चढत जावे तर थांबायचे कोठे ते कळत नाही. म्हणून २००८ साली नावास्क्वेस, पिरोनिओ आणि असीन यांनी दुसरी बाजू पक्की केली: वरून छत टप्प्याटप्प्याने खाली आणण्याची एक रीत दिली. आता एक जण खालून चढतो आहे, एक वरून उतरतो आहे. दोघांची गाठ पडली की मूल्य सापडले. प्रत्येक खेळात ती पडतेच, अशी पुष्कळांची आशा होती.

जानेवारी २०२० मध्ये झेंगफेंग जी, आनंद नटराजन, टॉमस विडिक, जॉन राइट आणि हेन्री युएन या पाच जणांनी १६५ पानांचा निबंध प्रसिद्ध केला. (यांत एक नटराजन आहे हे पाहून ज्यांची छाती फुगेल त्यांनी ती खुशाल फुगवावी, सिद्धतेला गोत्र नसते.) निकाल असा: गाठ नेहमी पडत नाही. नेमके मूल्य राहोच, 'या खेळात खेळाडू दर फेरीला जिंकू शकतात' आणि 'या खेळात ते निम्म्याहून अधिक वेळा जिंकूच शकत नाहीत' अशा दोन टोकांच्या खेळांतला फरक ओळखणारा सर्वसाधारण विधीसुद्धा असू शकत नाही. कोणत्याही संगणकावर नाही, कितीही काळ दिला तरी नाही.

हे सिद्ध कसे होते? ॲलन ट्यूरिंगने १९३६ साली दाखवले होते की, दिलेली आज्ञावली चालवली असता ती कधी तरी थांबेल की अनंतकाळ चालतच राहील, हे सर्व आज्ञावल्यांच्या बाबतीत सांगणारा विधी नाही. पाच जणांनी एक कृती दिली. कोणतीही आज्ञावली आणा, ते तिच्यापासून एक खेळ बनवून देतात. आज्ञावली थांबणारी असेल तर गुंतलेले खेळाडू तो खेळ प्रत्येक फेरीत जिंकू शकतात. न थांबणारी असेल तर निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. खेळाचे मूल्य काढता आले असते तर ट्यूरिंगचा प्रश्न सुटला असता. तो सुटत नाही. सबब मूल्य काढता येत नाही.

यातले मर्म शिक्षकाला जेवढे भिडेल तेवढे कदाचित गणितज्ञालाही भिडणार नाही. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत एकच विचित्र चूक सापडली, की आपण काय करतो? दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो आणि आडवेतिडवे प्रश्न विचारतो. मुले आपल्यापेक्षा हुशार असली तरी ही युक्ती चालते; कारण त्यांना एकमेकांची उत्तरे ठाऊक नसतात. बाबाई, फोर्टनाऊ आणि लुंड यांनी १९९१ च्या सुमारास या युक्तीची ताकद नेमकी मोजली: दोन सर्वज्ञ पण विभक्त साक्षीदारांची उलटतपासणी करून एक सामान्य परीक्षक, स्वतः जन्मात तपासू शकणार नाही अशी उत्तरे पारखून घेऊ शकतो. मग प्रश्न आला: साक्षीदारांच्या खिशात गुंतलेले कण असतील तर? सगळ्यांना वाटले, आता त्यांची मिलीभगत वाढणार आणि परीक्षक दुबळा होणार. इतो आणि विडिक यांनी २०१२ साली दाखवले की तो निदान दुबळा होत नाही. २०२० चा निबंध सांगतो की तो इतका बलवान होतो की ज्या प्रश्नांपुढे जगातले सारे संगणक हरतात, त्यांत 'आज्ञावली थांबते' हे उत्तर खरे असेल तर तो ते दोघांकडून वदवून घेऊ शकतो.

हे उलटे कसे झाले? त्याची किल्ली पुन्हा आपल्या ८५.३६ मध्येच आहे. आमच्या लाल-पिवळ्या खेळात जी जोडी तिथवर पोचते ती तेच साडेबावीस अंशांचे मोजमाप करीत असली पाहिजे. नावे बदलतील, यंत्र बदलेल, पण सारांशाने दुसरा डावच नाही. त्यामुळे परीक्षकाला नुसती गुणसंख्या पाहून बंद खोलीत काय चालले आहे ते कळते. कण ही लबाडीची सोय न राहता परीक्षकाच्या हातातला लगाम होतो. त्या लगामाच्या जोरावर तो खेळाडूंकडूनच प्रश्न काढवून घेतो: प्रश्नपत्रिका परीक्षार्थीच काढतात, तेच सोडवतात, आणि तरीही त्यांना फसवता येत नाही! वीस वर्षे पर्यवेक्षण करणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून त्या पाच जणांच्या पाया पडावेसे वाटले. याच निकालाच्या धक्क्याने आलँ कॉन या फ्रेंच गणितज्ञाचा १९७६ पासून उभा असलेला एक प्रश्न नकारार्थी निकालात निघाला. तो प्रश्न खेळांचा नव्हता, शुद्ध गणिताच्या वेगळ्याच प्रांतातला होता.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. या निबंधाचा एक खांब एका जुन्या निबंधावर उभा होता. त्या जुन्या निबंधात चूक आहे असे त्याच वर्षी आढळले. पाच जणांनी काय केले? चूक जाहीर केली, तेवढा खांब काढला, आणि त्या जागी नवी सिद्धता रचून महिन्यांच्या आत प्रसिद्ध केली. आपल्या साहित्यात किती समीक्षकांनी आपला खांब असा काढून दाखवला आहे, हे मी विचारीत नाही.

तर मग 'गणिताने हात टेकले' हे कोठून आले? 'अगणनीय' हा शब्द म्हणजे अज्ञानाची कबुली, असे ज्यांना वाटते त्यांनी तो शब्द पाहिला आहे, मजकूर पाहिलेला नाही. 'मला माहीत नाही' म्हणायला १६५ पाने लागत नाहीत. सर्व खेळांना पुरेल असा एक विधी नाही, हे सिद्ध झाले आहे. त्यावरून कोणत्याच खेळाचे मूल्य काढता येत नाही असे निघत नाही. आमच्या लाल-पिवळ्या चिठ्ठ्यांच्या खेळाचे मूल्य हवे तितक्या दशांश स्थळांपर्यंत काढून घ्या: दोनात दोनाचे वर्गमूळ मिळवा आणि चाराने भागा. एक गज सर्वांना पुरत नसेल तर प्रत्येक खेळ स्वतंत्र बसून सोडवावा लागतो, काम वाढते. कादंबऱ्यांनाही हाच न्याय लावा. सर्व कादंबऱ्या मोजणारी पट्टी नाही, म्हणून कोणत्याच कादंबरीचा निवाडा करता येत नाही, हा युक्तिवाद आळशाचा आहे. माझी कादंबरी वाईट असेल तर ती कोणत्या पानावर वाईट आहे ते सांगा. ती अगणनीय आहे असे सांगून माझी बोळवण करू नका.

उरली ती पंडित मंडळी, जी म्हणतात की हे विषय मराठीत यायचेच नाहीत. त्यांना मी काय सांगू? मागच्या बाकावरच्या त्या मुलीने बेलचा सिद्धांत सांगितला तेव्हा तिच्या तोंडात इंग्रजी शब्द एकच होता, आणि तो 'सर'. 'गुंतणे' हे क्रियापद आपल्याकडे केसांपासून पैशांपर्यंत सर्वत्र चालते. कणांपाशी ते का अडावे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात ठरली तेव्हा आपण पेढे वाटले. जुलै २०२५ मध्ये आमच्या मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला, रस्ते भरून गेले. पाट्यांचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या भाषेत पाटी वाचता येते आणि सिद्धता वाचता येत नाही, त्या भाषेतल्या शाळेत आईबाप मूल का घालत नाहीत, याचे उत्तर दुकानदाराकडे नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये पुंजतंत्रज्ञानासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांचे अभियान मंजूर केले. त्याच्या चार केंद्रांपैकी एक पवईच्या आय.आय.टी.त आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा पुंजांकांच्या संगणकाची चाचणी २०२४ साली झाली. दोन्ही ठिकाणे भाईंदरहून लोकलने गाठण्याजोगी आहेत. माझ्या वर्गातली मुले त्या दारांशी पोचतील तेव्हा त्यांच्या डोक्यात आईच्या काळजाची गोष्ट असावी की साडेबावीस अंशांचा कोन, हे ठरवणारांत आपण लेखकही आहोत. दहावीपर्यंत त्यांच्या हाती अवांतर म्हणून पडते ते आपलेच लिहिलेले असते.

पुढच्या सत्रात मी मुलांना नऊ घरांचा खेळ देणार आहे. मर्मिन आणि पेरेस यांनी १९९० साली दिलेल्या एका कोड्यावरून तो निघाला. तीन ओळी, तीन स्तंभ. पंच एका खेळाडूला एक ओळ सांगतो, दुसऱ्याला एक स्तंभ. पहिल्याने आपल्या ओळीच्या तीन घरांत सम संख्येने काळे ठिपके द्यायचे, म्हणजे दोन किंवा एकही नाही. दुसऱ्याने आपल्या स्तंभात विषम संख्येने, म्हणजे एक किंवा तीन. ओळ आणि स्तंभ जिथे छेदतात त्या घराविषयी दोघांचे एकमत हवे. साध्या खेळाडूंना नऊ प्रसंगांपैकी फार तर आठ जिंकता येतात. गुंतलेले खेळाडू नऊही जिंकतात. नववे घर का अडते ते मुलांनी शोधायचे आहे. यंदाच्या दिवाळी अंकांत ज्यांनी ज्यांनी 'क्वांटम' हा शब्द वापरला असेल त्यांनीही शोधून पाहावे. पेन्सिल आणि खोडरबर एवढे साहित्य लागते. ठिपके आधी ओळींनी मोजा, मग स्तंभांनी.